सूतभर जाडी

ईट, ता. भूम
४ मे १९६१

माणिकप्पा,

चार वर्षांनी पत्र लिहितोय आणि तेही कामासाठी. तेव्हा शिव्या द्यायच्या असतील तर आधी देऊन घे आणि मग पुढं वाच. खुशाली शेवटी लिहीन, जागा उरली तर.

आमच्या चंद्रप्रभेला बोलावणं आलंय. धाराशिवला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला होता, १२ जूनला मुलाखत आहे. मार्कांची काळजी नाही, माझ्यापेक्षा तिचं गणित बरं आहे. काळजी पायाची आहे. डावा पाय तिसऱ्या वर्षी तापात गेला, ते तू पाहिलंयस. आजवर ती माझ्या खांद्यावर नाहीतर भिंतीवर हात ठेवून चालत आली. पण बोलावण्याच्या कागदावर साफ लिहिलंय की फळ्यापाशी कुणाला न धरता, कशाला न टेकता उभं राहून धडा घेऊन दाखवावा लागेल. तिथं ना माझा खांदा, ना भिंत.

त्यावर एक तोड निघाली आहे. मिरजेच्या ओळखीच्या डॉक्टरांनी पायाला बांधायचा लोखंडी आधार पाठवलाय, कॅलिपर म्हणतात त्याला. मांडीपाशी चामड्याचं कडं, दोन्ही बाजूंनी खाली येणाऱ्या दोन पोकळ नळ्या, आणि नळ्यांच्या तळाला बुटाच्या टाचेत बसणाऱ्या भरीव खुंट्या. आधी तो एका उंच बाईचा होता, त्यामुळं चंद्रप्रभेला दीड इंच लांब पडतो. घालून उभी राहिली की डावी कंबर वर जाते आणि पोर कलंडते. खुंट्या काढायच्या, नळ्या दीड इंच कापायच्या, खुंट्या परत बसवायच्या, एवढंच काम आहे. पण दुसरा आधार दिवाळीपर्यंत मिळणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच कळवलंय. म्हणजे कापताना बिघडला की संपलं.

इथं लोहाराचा भाता धुरपदाबाई चालवते. ती म्हणाली, "छिन्नीनं तोडते की मास्तर, पन नळी चेपल, मग मला बोलू नका. ह्याला दाताची करवत लागती." म्हणून भूमला गेलो. दुकानदार विचारतो, "किती दाताचं पातं देऊ?" मी म्हटलं, "सगळे दात शाबूत असलेलं दे." तो आणि त्याची सगळी गिऱ्हाइकं हसली. मी तसाच परत आलो.

तू सोलापूरच्या मिलमध्ये आठ वर्षं फिटर होतास, आता लोखंडाचंच दुकान आहे. कोणतं पातं लागेल ते कळव. नळी बाहेरून करंगळीपेक्षा थोडी जाड आहे, पण आत पोकळ. तिच्या भिंतीची जाडी सूतभर. मी नीट मोजलीय, तेव्हा त्याबद्दल शंका नको.

मला चैन पडत नाही. शाळेला सुट्टी आहे, दिवसभर घरात येरझारा घालतो. चंद्रप्रभा म्हणते, "नाना, जमीन झिजेल." जागा संपली, खुशाली राहिली.

तुझा,
गोपाळकृष्ण

धाराशिव
९ मे १९६१

गोपाळ,

शिव्या मी कागदावर देत नसतो, समोर बसवून देतो. त्या तुझ्या नावावर जमा आहेत.

पोरीला बोलावणं आलं हे वाचून तुझ्या इरम्मावहिनीनं लगेच शेजारीपाजारी साखर वाटली. निवड व्हायच्या आधीच कशाला म्हटलं, तर म्हणते, "बोलावलं हे काय थोडं हाय का?"

आता पात्याचं. भूमच्या दुकानदारानं तुला हसायला नको होतं, समजावून सांगायला हवं होतं. पात्याच्या एका इंचात किती दात, त्यावरून पातं ओळखतात. चौदा, अठरा, चोवीस आणि बत्तीस. जाड भरीव लोखंडाला मोठे, विरळ दात. पातळ मालाला बारीक, दाट दात. खूण एकच लक्षात ठेव: कापताना मालाच्या जाडीवर एका वेळी निदान तीन दात टेकले पाहिजेत. तीन टेकले तर ते एकमेकांना सांभाळतात. एकटा दात कडेवरून खाली उतरला की अडकतो आणि तुटतो, मग मागचाही तुटतो. तू सूतभर म्हणतोस, तर चोवीसाचे बरोबर तीन दात सुतावर बसतात. म्हणून चोवीसाचं पातं.

करवतीची चौकट आणि दोन पाती भूमच्या गाडीनं कंडक्टरच्या हाती देतोय, तिथून ईटच्या गाडीत टाकायला सांगितलंय. पात्यावर बाण आहे, तो पुढं, तुझ्यापासून लांब जाणारा ठेवायचा. पातं पुढं ढकलताना कापतं, मागं ओढताना नाही.

पण तू कापायचं नाहीस. १४ तारखेला रविवार आहे, मी स्वतः येतो. तोवर करवत नुसती बघ. तुझे हात मला ठाऊक आहेत. शाळेत नकाशा रंगवताना तू निझामाच्या राज्याची हद्द घाईघाईत थेट समुद्रापर्यंत नेली होतीस आणि मौलवीसाहेब खूश होऊन तुला मारायचं विसरले होते. लोखंड असं खूश होत नाही.

तुझा,
माणिकप्पा

ईट
१९ मे १९६१

माणिकप्पा,

रविवारी सकाळच्या गाडीला स्टँडवर उभा होतो. दुपारच्या गाडीला होतो. संध्याकाळच्या गाडीलाही होतो. तुझ्यासाठी चंद्रप्रभेनं पुरणाचा घाट घातला होता, ते पुरण आम्ही दोघांनी मंगळवारपर्यंत खाल्लं. सोमवारी गेलो, मंगळवारी गेलो. शेवटी कंडक्टर मला बघून हात हलवायला लागला, आला नाही म्हणून.

बुधवारी मी करवत घेतली. हो, मीच. किती दिवस बघत बसू?

बाण पुढं ठेवला होता. नळी बाकाला सुतळीनं करकचून बांधली होती. चंद्रप्रभा कॉटवर पुस्तक घेऊन बसली होती, वाचत नव्हती. पहिले दहा हात बरे गेले. अकराव्याला कट्‌कन आवाज झाला आणि करवत जागच्या जागी रुतली. उचलून बघतो तर मधले सात दात गायब. दुसरं पातं लावलं, जपून चालवलं, तरी त्याचे नऊ गेले. आता एका नळीला अर्धी चीर पडली आहे आणि तिची कड फाटक्या कागदासारखी झाली आहे. चंद्रप्रभेला म्हटलं, "पाती बोथट निघाली." खाली वाकून जमिनीवरचे दात एकेक वेचून तिनं वाटीत ठेवले.

मी तुझ्या पात्यांना बोल लावत नाही. पण तू येतो म्हणालास आणि आला नाहीस. आला नाहीस ते नाहीस, दोन ओळी तरी टाकायच्या होत्या. मित्राच्या पोरीसाठी ज्याला अर्ध्या दिवसाचा प्रवास जड जातो, त्यानं तारीख देऊ नये. दुकानात बसून तुझं अक्षर मात्र फार सुबक झालंय. सरावाला बराच वेळ मिळत असावा.

चोवीस दिवस उरले आहेत. पुढं काय करायचं ते सांगायचं असेल तर सांग, नाहीतर मी मिरजेला जाऊन डॉक्टरांच्या पायरीवर बसतो.

गोपाळकृष्ण

धाराशिव
२३ मे १९६१

गोपाळ,

तुझ्या रागाचं नंतर बघू. हे कार्ड मिळालं की त्याच गाडीनं उत्तर टाक.

चोवीसाचं पातं सूतभर मालावर असं तुटत नाही. दोन्ही पाती तुटली म्हणजे गोम दुसरीकडं आहे. आमच्या धंद्यात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एका इंचात आठ सूत. पट्टीवर मोजतात ते.

तुझं सूत कुठलं?

माणिकप्पा

ईट
२६ मे १९६१

माणिकप्पा,

तुझं कार्ड वाचलं आणि मी कपाळाला हात लावून ओट्यावर बसलो. चंद्रप्रभेला वाटलं कुणी गेलं.

आठ वर्षं मी या शाळेत सूतकताई शिकवतोय. टकळी, पेळू, सूत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडात दुसरा शब्द नाही. स्वतःच्या हातानं सूत काढून त्याचंच जानवं घालतो, हा माझा एकुलता एक अभिमान. नळीची जाडी बघायची वेळ आली तेव्हा मी काय केलं असेल? गळ्यातलं जानवं पुढं ओढलं, त्याचा एक पदर नळीच्या कडेवर आडवा ठेवला. बरोबर बसला, ना कमी ना जास्त. म्हणून लिहिलं, सूतभर. आणि वर तुला बजावलं की शंका नको!

तरी खात्री करावी म्हणून धुरपदाबाईकडं गेलो. सहज विचारल्यासारखं केलं. ती म्हणाली, "सूत म्हंजी इंचाचा आठवा हिस्सा. लोहाराच्या घरात चालायच्या आदी शिकत्यात. का वो मास्तर, तुमी काय जानवं लावून मोजलं व्हय?" मी म्हटलं, छे. ती भाता ओढता ओढता किती वेळ हसत होती.

त्याच जानव्याचा एक पदर पाकिटात घातलाय. तूच पट्टीवर ठेवून बघ.

खरं सांगू का? मला टकळीसुद्धा फिरवता येत नाही सध्या. सूत तुटतं. ती या घरातून जावी म्हणून मी धडपडतोय आणि ती गेल्यावर या दोन खोल्यांत मी काय करणार, हेही त्याच वेळी मनात येतं. दोन्ही खरंच आहे. तिची आई असती तर एकीनं एक काळजी केली असती, दुसऱ्यानं दुसरी.

मागच्या पत्रात कडक लिहिलं. पण तू का आला नाहीस, ते अजून लिहिलेलं नाहीस. सतरा दिवस उरले.

गोपाळकृष्ण

धाराशिव
३१ मे १९६१

गोपाळ,

तुझा जानव्याचा पदर दुकानातल्या पट्टीवर ठेवला. सुताचा तिसरा हिस्सा भरला. मग मी इतका हसलो की इरम्मा आतून पळत आली. तुझ्या गळ्यात सूत, माझ्या पट्टीवर सूत, आणि दोघांच्या मध्ये पोरीचा पाय अडकलेला. आमच्या गळ्यात लिंग असतं, जानवं नसतं, म्हणून माझ्या डोक्यात आलं नाही.

पण हसून झाल्यावर वाईट वाटलं, कारण चूक निम्मी माझी आहे. पायाला बांधून चालायची नळी सूतभर जाडीची असेलच कशी? एवढं लोखंड पोर ओढेल कशी? फिटरला हे कळायला हवं होतं. मी जाडी वाचली, पाय विसरलो.

आता बत्तीसाची तीन पाती पाठवतोय. आपल्या तोंडात असतात तेवढे दात, पण एका इंचात. तुझी नळी इतकी पातळ आहे की बत्तीसाचेसुद्धा तीन दात सरळ टेकणार नाहीत. म्हणून सांगतो तसं कर.

नळीच्या आत बाभळीची खुंटी घट्ट ठोक, म्हणजे पोकळी भरेल आणि दातांना खाली आधार मिळेल. दोन लाकडांना खाच पाडून नळी त्यांच्यामध्ये धर, सुतळीनं बांधू नकोस, ती हलते. कापायच्या जागी कागदाची सरळ पट्टी गुंडाळ, तिच्या कडेनं रेघ ओढ. रेघेवर तिकोनी कानशीनं बारीक खाच कर, म्हणजे पातं घसरणार नाही. नट पिळून पातं ताठ कर, वाजवलं तर टणकन वाजलं पाहिजे. करवत जरा तिरकी धर. भिंत कापून पातं लाकडाला लागलं की थांब, नळी थोडी फिरव, पुढची भिंत काप. असं करत गोल फिर. एकाच जागी आरपार जायचं नाही.

आणि नवं पातं जुन्या चिरेत घालू नकोस. दुसऱ्या पात्यानं पाडलेल्या चिरेत नवे दात आवळले जातात आणि पातं मोडतं. जुनी चीर पूर्ण करायची असेल तर पलीकडच्या बाजूनं सुरुवात कर.

मिनिटाला चाळीस हात. जास्त नाही. पुढं जाताना दाब, मागं येताना नुसता हात. गोपाळ, चाळीस म्हणजे चाळीस. तू शंभर करशील म्हणून दोनदा लिहितोय.

माझं येणं जमत नाही. दुकानात माणूस नाही.

तुझा,
माणिकप्पा

(बाहेरच्या घडीवर)
गोपाळकाका, मी शिवम्मा, धाकटी सून. ही सगळी पत्रं सासरे सांगतात आणि मी लिहिते, म्हणून अक्षर सुबक आहे. दिवाळीत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात उचलत नाही, पाय ओढतात. दुकानात माणूस आहे. चौदा तारखेला स्टँडवर गेले होते, गाडीची पायरी चढता आली नाही. दोन गाड्या सोडल्या आणि परत आले. तुम्हाला कळवायचं नाही असं बजावलंय. मी लिहिलं हे सांगू नका.

ईट
७ जून १९६१

माणिकप्पा काका,

सा. नमस्कार. मी चंद्रप्रभा. नाना लिहायला बसतात आणि उठतात, म्हणून मी लिहिते. त्यांचा एवढा निरोप आहे की १९ मेचं पत्र फाडून टाका. का ते मलाही सांगत नाहीत. तुमच्या शेवटच्या पत्राची बाहेरची घडी त्यांनी कात्रीनं कापून खिशात ठेवलीये. त्या दिवशी ते जेवले नाहीत आणि येरझाराही घातल्या नाहीत. नुसते बसून होते. ते मला जास्त नवं होतं.

बत्तीसाची पाती शनिवारी मिळाली. रविवारी नानांनी सगळी तयारी तुम्ही लिहिलं तशी केली. खुंटी, खाचेची लाकडं, कागदाची पट्टी, सगळं. मी चाळीस मोजत होते. सतरापर्यंत ठीक होतं. मग त्यांना वाटलं, जमतंय, आणि हात सुटला. मी पंचवीस म्हणेपर्यंत त्यांचे चाळीस झाले होते. करवत वाकडी झाली आणि पातं मधोमध मोडलं. दात नाही, अख्खं पातं. नळीला फक्त ओरखडा पडला. नाना हात झटकत अंगणात गेले आणि तिथंच उभे राहिले.

काका, आता एक सांगते, रागावू नका. महिनाभर पत्रं चालली आहेत. किती दात, किती जाडी, किती हात, सगळं तुम्ही एकमेकांना विचारलंत. किती कापायचं, हे मला कुणी विचारलं नाही. नानांनी मला कॉटवर निजवून, अनवाणी, दोरीनं माप घेतलं होतं. मी बोलले नाही, कारण नाना धडपडत असले की त्यांना अडवावंसं वाटत नाही. पण मी निजून थोडीच शिकवणार आहे?

नाना अंगणात असताना मी बूट घातला, आधार बांधला, भिंतीला टेकून उभी राहिले आणि उजव्या पायाखाली एकेक वही सरकवत गेले. कंबर सरळ झाली तेव्हा वह्या मोजल्या. पावणेदोन इंच. बुटाच्या तळव्याचा पाव इंच नानांनी धरलाच नव्हता. पावणेदोन इंचावर रेघ ओढली तेव्हा दिसलं की नानांची ती फाटकी चीर कापून पडणाऱ्या तुकड्यातच जातेय. म्हणजे तुमच्या चोवीसाच्या पात्यांनी काही बिघडवलेलं नाही.

मग मी जमिनीवर बसले, लाकडांवर माझा चांगला पाय दाबून ठेवला आणि करवत घेतली. चाळीस हात मला जड गेले नाहीत. घाईनं चालणं मला कधी जमलंच नाही, काका. सगळे पुढं निघून जातात आणि मी माझ्या चालीनं जाते, याची सवय आहे. त्या सवयीचा मला आयुष्यभर राग होता. रविवारी पहिल्यांदा आला नाही. एकेका नळीला पाव तास लागला. नळी फिरवत फिरवत गेले, शेवटी तुकडा आपोआप गळून पडला. एकही दात गेला नाही. एक पातं अजून कोरं आहे.

नाना दारात उभे होते. केव्हापासून ते माहीत नाही. ते फक्त म्हणाले, "रेघ सरळ आलीय." मग खुंट्या घेऊन धुरपदाबाईकडं गेले. तिनं भोकं पाडून खिळे बसवून दिले.

काल मी कॉटपासून दारापर्यंत गेले. हात कुठंही न लावता. नाना शेजारून चालत होते, माझ्या कोपराखाली हात धरून, पण टेकवत नव्हते. दारात पोचल्यावर त्यांनी तोंड फिरवलं.

मी शनिवारी, १० तारखेला येते. एकटी. नानांना म्हटलंय की येऊ नका, त्यामुळं ते माझ्याशी बोलत नाहीत. मला उतरवून घ्यायला स्टँडवर कुणाला पाठवू नका. दुकानाचा रस्ता मी विचारत येईन.

आपली,
चंद्रप्रभा

ईट
१० जून १९६१

माणिकप्पा,

सकाळच्या गाडीनं ती गेली. हे पत्र तुला मिळेल तेव्हा मुलाखत होऊनही गेली असेल.

स्टँडवर मी तिच्या मागं उभा होतो. गाडीच्या पायरीशी तिनं आधी दांडा धरला, मग चांगला पाय वर ठेवला, मग लोखंडाचा पाय ओढून घेतला. मी हात पुढं केला होता. तिनं बघितला, पण घेतला नाही. गाडी सुटली तरी माझा हात तसाच होता म्हणे, कंडक्टरनं परत येताना सांगितलं.

तू जिना चढू शकतोस का, काही उचलू शकतोस का, हे मी विचारणार नाही. मला काही ठाऊक नाही. पण पाऊस जोर धरायच्या आत मी धाराशिवला येतोय, चार दिवस राहीन. तुला यायला वेळ नाही, मला आहे. शिव्या तेव्हा समोर बसवून दे.

मन थाऱ्यावर नाही. पोस्ट बंद व्हायच्या आत टाकतो.

तुझा,
गोपाळ

धाराशिव
१२ जून १९६१

ती. नाना यांस,
चंद्रप्रभेचा सा. नमस्कार.

आधी महत्त्वाचं. निवड झाली. यादी संध्याकाळी लागली, त्यात माझं नाव चौथं आहे. १ जुलैला हजर व्हायचंय.

आत गेल्यावर एका बाईंनी खुर्ची पुढं केली. मी म्हटलं, उभीच राहते. त्यांनी धडा घ्यायला सांगितला, मी त्रैराशिक घेतलं. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. मधे एकदा खडू खाली पडला. तेव्हा मात्र जीव घाबरा झाला, कारण आधार बांधल्यावर गुडघा वाकत नाही. मी म्हटलं, "पहिल्या बाकावरच्या मुलीनं खडू उचलून द्यावा," आणि त्या बाईच उठल्या आणि त्यांनी दिला. सगळे हसले. मीही हसले. टाचेला फोड आलाय, शिवम्मानं खोबरेल लावलंय.

काकांना बघितलं. तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, हे मला त्यांच्याकडं बघताक्षणी कळलं. मी दुकानाशी पोचले तेव्हा ते दारात उभे होते, डाव्या हातानं चौकट धरून. स्टँडवर कुणाला पाठवू नका म्हटलं होतं, पण ते सकाळपासून तिथंच उभे होते म्हणे. मी रस्त्याच्या पलीकडं होते. त्यांनी मला हाक मारली नाही. मी रस्ता ओलांडला, ओट्याच्या दोन पायऱ्या चढले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. ते रडत होते, नाना. म्हणाले, "पोरी, पुन्हा एकदा तिकडं जा आणि चालत ये." मी गेले आणि आले.

म्हणून हे लिहितेय. घरात तुम्ही माझ्या शेजारी होता, अंगणात शेजारी होता, गाडीशी माझ्या मागं होता. मी शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. स्टँडवर या, पण गाडीपाशी येऊ नका. पलीकडं, चिंचेखाली उभे राहा. मी उतरेन आणि तुमच्याकडं येईन. मला चालताना तुम्ही लांबून कधी बघितलेलंच नाही.

तुमची,
चंद्रप्रभा